चाळणीवर राहिलं, तेच तुमचं शेत

तुमच्या माती परीक्षणाच्या रिपोर्टचा फोटो पाहिला आणि माझीच फाईल उघडल्यासारखं वाटलं. डोंगरउतारावरची दोन एकर, झाडोरा काढून लावलेली केशर आंब्याची साठ रोपं, सेंद्रिय कर्ब २.६ टक्के म्हणजे 'अत्यंत जास्त', सामू (pH) ५.६, खाली 'जमीन फळबागेस योग्य' असा शिक्का. आणि एप्रिलमध्ये रोपं काड्या होऊन उभी. तुम्ही विचारताय की एवढ्या कसदार मातीत आंबा मेला कसा. आमचं रान भोरच्या पश्चिमेला, वरंध घाटाच्या अलीकडे. माझी एक्क्याण्णव गेली होती.

मी कृषी पदवीधर नाही, आणि हे सगळं काळ्या कातळावरच्या जमिनीचं सांगतोय. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे कोकणातल्या सपाट माळावर असाल तर बरंच वेगळं असतं, तिथे माझं ऐकू नका.

नमुना कसा घ्यायचा वगैरे तुम्हाला माहीत असणारच. पण पिशवीत भरताना खडे वेचून टाकलेत ना? मीही टाकले. पत्रकात तसंच लिहिलेलं असतं. उरलेले खडे प्रयोगशाळेत निघतात. तिथे माती २ मिमीच्या चाळणीतून गाळतात आणि खाली पडलं त्याचीच तपासणी होते. पद्धत म्हणून चूक काहीच नाही, जगभर असंच करतात. फक्त वर किती राहिलं हे कुठेतरी लिहायला हवं, आणि माझ्या रिपोर्टवर ते नव्हतं. नंतर भांडायला गेलो तेव्हा त्या इमारतीच्या मागच्या खिडकीखाली खड्यांचा गुडघाभर ढीग दिसला. कुणाकुणाची शेतं होती ती! आत विचारलं, यातले माझे किती? टेबलावरचे साहेब मान वर न करता म्हणाले, "खडे आमच्या फॉर्ममध्ये नाहीत." शिक्का मारताना मातीची खोली विचारली होती का, यावर "पुढच्या खिडकीत चौकशी करा". पुढची खिडकी बंद होती. चार वर्षं झाली, अजून रक्त तापतं.

घरी येऊन मीच खड्डा खणला. निघालेलं सगळं वाळवून चाळलं. वजनाने दगड ६० टक्के. दगड जड म्हणून जागा कमी अडवतो, तरी हिशेब केला तर आकारमानाने ३५ ते ४० टक्के भरतो. खाली ३० सेंटिमीटरवर कातळ. म्हणजे खरी माती एकूण १८-१९ सेंटिमीटर, एक वीत म्हणा. दहा सेंटिमीटर चांगल्या मातीत झाडाला घेता येईल असं पाणी साधारण १५ मिमी मावतं. माझ्याकडे मावणार २७-२८ मिमी. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसाला ५ मिमी उडालं तर सहाव्या दिवशी भांडं रिकामं. पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिमी कोसळो नाहीतर चार हजार, भांडं तेवढंच!

खताच्या शिफारशीचंही तेच. हेक्टरी आकडे काढताना वरच्या १५ सेंटिमीटरची माती २२ लाख किलोच्या आसपास धरतात. आपल्याकडे ती तेरा-साडेतेरा लाख भरली तरी पुष्कळ. आणि ज्या कर्बावर आपण दोघे भाळलो, तो बहुतेक वरच्या चार बोटांत असतो. कुजलेला पालापाचोळा तो. अंजनी, जांभूळ, हिरडा त्यावर जगतात, कारण दरवर्षी तेच तो टाकतात आणि मुळं कातळाच्या भेगांत घुसवून बसतात. झाडोरा काढला की नवीन पाला थांबतो आणि होता तो पहिल्या जूनच्या पाण्यात ओढ्याला लागतो. मी तर ताल, म्हणजे दगडी बांध, रचायला पृष्ठभागावरचे सगळे दगडही वेचून घेतले. ते दगड मातीवर छपरासारखे होते, हे पावसात कळलं.

पण सगळ्यात महागात पडलं ते त्या 'फळबागेस योग्य' शिक्क्यावर विसंबून जेसीबी घातला ते. मीटर बाय मीटर बाय मीटरचे खड्डे, ब्रेकर लावून, वर नदीकाठची काळी पोयटा माती ट्रॉल्यांनी आणून भरली. जुलैत एकेक खड्डा हौद झाला. पाणी जायला वाटच नाही, काळी माती लोण्यासारखी. रोपं निम्मी तिथेच कुजली, उरलेली उन्हाळ्यात गेली. उपटून पाहिली तर मुळं पिशवीच्या आकारातच गुंडाळलेली, एकही बाहेर पडलेलं नाही.

जाता जाता, सातबारा नीट वाचलात का? माझ्या गटातलं निम्मं क्षेत्र 'पोटखराब', म्हणजे लागवडीस अयोग्य, होतं. मी हसलो होतो. लॅबपेक्षा तोच खरा निघाला.

आता काय कराल? माझं मत, पटलं तर घ्या. पाच बाय पाच मीटरची आखणी विसरा. पावसाळा संपता संपता, जमीन ओली असताना पहार घेऊन फिरा. 'टण्ण' वाजली आणि हात झिणझिणला तर तिथे कातळ, सोडून द्या. 'खस्स' करत उतरली तर मुरूम. मुरूम खराब म्हणतात लोक, पण कुजलेल्या खडकातून मूळ वाट काढतं. जिथे पहार हात-दीड हात जाते तिथेच चुन्याची खूण करा. मला दोन एकरांत अशा चौतीस जागा मिळाल्या. खड्डा फूटभराचाच, त्याच जागेची माती, उताराच्या बाजूला दगडांची अर्धगोल कड, वर गवताचा जाड थर. त्या जागांभोवती जाळरेषा, म्हणजे गवत काढलेला मोकळा पट्टा, काढा, नाहीतर वणव्यात आधी तो थरच जाईल. आणि जमलं तर रोप नको, बी टोका. जांभूळ, हिरडा यांचं सोटमूळ स्वतःच भेग शोधतं. आंबा हवाच असेल तर रायवळ कोय जागेवर लावून नंतर कलम करा. केशरची घाई करू नका.

उरलेल्या जागेत मी काही करत नाही. करवंद, कारवी, गेळा येतात, येऊ द्या. ती जमीन समतल करायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. कातळावरची पातळ माती पाणी प्यायली की सरकायला वेळ लागत नाही, उतार छेडल्यावर तर नाहीच.

तुमच्या फोटोत रिपोर्टची मागची बाजू दिसत नाही. तिथे 'खोली' असा रकाना आहे का बघा, आणि असला तर तो कुणी कशावरून भरला तेही विचारा. माझ्याकडे '४५ ते ९०' सेंटिमीटर लिहिलं होतं. रानात कुणी आलंच नव्हतं.

आणि पहार घेऊन करवंदीच्या जाळ्यांत शिरताना बूट घाला. दगडांत फुरसं असतं, विषारी साप तो.