राजवाड्याच्या चौकातून नवी इमारत किती दिसेल?

या वेळी इंदूरमधल्या पुनर्विकासाबद्दल आलेल्या पत्रांना सदराच्या जाणकारांची उत्तरं.

प्रश्न : राजवाड्याजवळच्या गल्लीत आमचं वडिलोपार्जित दुमजली घर आहे. पुनर्विकासात खाली दुकानं, मध्ये कार्यालयं आणि वर फ्लॅट होणार. आर्किटेक्ट म्हणतात, ‘जुनं तोंड तसंच ठेवू, वरचे मजले मागे घेऊ, दिसणार नाहीत.’ हे पडताळायचं कसं? – एक वाचक, रामबाग

उत्तर : टेप आणि त्रैराशिक पुरे. समजा गल्ली ९ मीटर रुंद आहे आणि जुन्या घराचा कठडा जमिनीपासून ९ मीटरवर आहे. समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभ्या माणसाचा डोळा साधारण दीड मीटरवर असतो. म्हणजे ९ मीटरच्या अंतरात नजर साडेसात मीटर चढते. कठड्यावरचा ३ मीटरचा एक मजला लपवायचा तर तो ३ × ९ ÷ ७.५, म्हणजे ३.६ मीटर मागे हवा. दोन मजल्यांना ७.२. इथवर तुमचे आर्किटेक्ट बरोबर असतील. पण तेच घर ३० मीटरवरून, मोकळ्या चौकातून पाहिलं की एकाच मजल्यासाठी १२ मीटर मागे सरकावं लागतं, आणि जुने प्लॉट बहुधा तेवढे खोल नसतात. तेव्हा ‘दिसणार नाही’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारा : कुठून?

हिशेबात हटकून सुटणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली, गच्चीवरची जिन्याची खोली, लिफ्टची खोली आणि पाण्याची टाकी. नकाशात मजल्यांची उंची धरलेली असते, ही तीन-चार मीटरची भर नसते. दुसरी, बाजूच्या भिंती. शेजारचं घर दुमजलीच राहिलं तर तुमची कोरी, बिनखिडकीची बाजू गल्लीच्या टोकापासून दिसत राहते. समोरच्या बाजूवर सगळी हौस आणि बाजूला नुसतं प्लास्टर, हे आपल्याकडे सर्रास चालतं. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट दिसते. जुना मजला ३.६ मीटरचा आणि नवा ३ मीटरचा असेल, तर नव्या स्लॅबची कड जुन्या कमानदार खिडकीच्या मधोमध येते. दिवसा ते खपून जातं. रात्री आत दिवे लागले की एकाच खिडकीत खालच्या कार्यालयाचं छत आणि वरच्या माणसांचे पाय दिसतात. उपाय एकच : पुढच्या एका खणात (दोन खांबांमधल्या भागात) तरी जुनीच पातळी ठेवा.

राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि त्यांची कड आभाळावर उमटते. तिच्या मागे काचेचा उजळ चौकोन आला की ती कड पुसट होते, मग तो नियमात बसणारा असो वा नसो. शंका असेल तर गच्चीवर नियोजित उंचीचे बांबू बांधा, टोकांना भगवं किंवा लाल कापड लावा आणि चौकात फिरून पाहा. खर्च थोडा, आणि वाद तिथल्या तिथे मिटतात.

प्रश्न : बिल्डरने दाखवलेलं चित्र फार सुंदर आहे. विश्वास ठेवावा का? – एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : आधी कॅमेरा कुठे आहे ते पाहा. बरीच चित्रं पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून काढलेली असतात. तिथे उभं राहायला कुणी जात नाही. शिवाय रुंद कोनाची लेन्स मागचं सगळं लहान करते : त्याच जागेवरून २४ मिमीने काढलेल्या फोटोत राजवाडा ५० मिमीच्या तुलनेत निम्माच दिसतो आणि रस्ता ऐसपैस वाटतो. म्हणून लेखी मागा : डोळ्याच्या उंचीवरून, फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने काढलेला आजचा फोटो, आणि त्यातच बसवलेली नवी इमारत. विजेच्या तारा, खांब, फलक सगळं तसंच. ए-थ्री कागदाच्या पूर्ण रुंदीवर छापला तर तो साधारण ५८ सेंमीवरून बघायचा. मग प्रत्यक्षातलं प्रमाण जुळतं. झाडं पानगळीतली हवीत. चित्रातल्या गर्द झाडांनी पुष्कळांच्या तोंडाला पानं पुसली आहेत.

प्रश्न : तळमजल्यावर पार्किंग आणि वर दुकानं, असा नवा आराखडा आला आहे. त्याने गल्ली बिघडेल का? – एक वाचक, राजेंद्र नगर

उत्तर : बिघडेल, आणि दोन जास्तीच्या मजल्यांनी बिघडली असती त्याहून जास्त. सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीचा व्यवहार होतो आणि रात्री त्याच बंद दुकानांपुढे खाऊगल्ली भरते, कारण दुकानं अरुंद आहेत आणि थेट रस्त्याला लागून आहेत. तिथे खांब आणि उभ्या गाड्या आल्या तर थांबायचं कुणाशी?

हा आराखडा येतो तो बहुतेक उताराच्या गणितामुळे. १:८ च्या उताराने ३ मीटर खाली जायला २४ मीटर रॅम्प लागतो. २० मीटर खोल प्लॉटमध्ये तो सरळ बसत नाही, म्हणून तळघर रद्द होतं आणि गाड्या वर येतात. शेजारच्या दोघा-तिघांनी प्लॉट एकत्र केले तर एकाच रॅम्पवर भागतं. तेही जमत नसेल तर पुढचे ६ मीटर दुकानांना द्या, गाड्या मागे घ्या आणि आत जायला एकच वाट ठेवा. दुकानांना ३-४ मीटरचे गाळे असावेत, जोतं ४५ सेंमीच्या आत (नाहीतर पायऱ्या रस्त्यावर येतात) आणि शटर जाळीचं, म्हणजे रात्री आतला उजेड बाहेर पडतो. तळघर केलंच तर रॅम्पच्या तोंडाशी १५ सेंमीचा उंचवटा विसरू नका. आषाढातलं पाणी सरळ आत जातं.

समोरची रेष मोडू नका, हेही सांगून ठेवतो. एकच घर ३ मीटर मागे गेलं की पुढच्या खाचेत दुचाक्या आणि कचरा साठतो. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये इंदूर दरबाराला अहवाल दिला. जुनी वस्ती सरसकट न पाडता मोजकी घरं काढून बाकीची राखावी, हा त्यांचा आग्रह होता.

प्रश्न : दुकानांचे फलक आणि एसी यांचं काय? – त्याच वाचक

उत्तर : शटरच्या वर ६० ते ९० सेंमीची एकच पट्टी सर्वांना ठरवून द्या, आणि एसीच्या बाहेरच्या पेट्यांसाठी मागच्या बाजूला डक्ट नकाशातच दाखवून घ्या. हे सोसायटीच्या करारात घाला. नंतर कुणी ऐकत नाही.