नॅनोट्यूबचा स्पंज दाबला की त्याचा रोध का उतरतो?

तुमचा प्रश्न असा: कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांचा, स्पंज दाबला की त्याचा विद्युतरोध उतरतो, पण सोडल्यावर तो मूळ आकड्यावर का येत नाही?

असे स्पंज मी प्रयोगशाळेत बनवले आहेत. वीज अडते ती नळीत नाही, सांध्यावर. एकेकटी नॅनोट्यूब चांगली वाहक असते, पण स्पंजात त्या विस्कटलेल्या गवतासारख्या आडव्यातिडव्या पडलेल्या असतात आणि ९९ टक्क्यांहून जास्त जागा नुसती हवा असते. इलेक्ट्रॉनला एका नळीवरून दुसरीवर जाताना दर वेळी अडथळा ओलांडावा लागतो. स्पंज दाबला की हवा बाहेर जाते, एरवी एकमेकींना न शिवणाऱ्या नळ्या टेकतात, नव्या वाटा खुल्या होतात. म्हणून रोध उतरतो.

टेकलेल्या नळ्या व्हॅन डर वाल्स बलाने (अगदी जवळ आलेल्या रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाने) चिकटूनही बसतात. वाकलेल्या नळीची सरळ होण्याची ओढ त्या चिकटण्यापेक्षा जास्त असेल तरच सांधा सुटतो. पहिल्या दाबात काही सांधे कायमचे बसतात, आणि तुम्हाला दिसलेला फरक बहुधा तोच. मी मोजण्याआधी नमुना पन्नास-शंभर वेळा दाबून घेतो. त्यानंतर आकडे स्थिरावतात.

जाड, लांब, अनेकपदरी (एकात एक बसलेल्या) नळ्यांचे स्पंज चांगले उसळतात. २०१० मध्ये चिनी संशोधकांनी थेट भट्टीत, वायूतून वाढवलेले स्पंज असेच होते; एका घन सेंटीमीटरचं वजन जेमतेम ५ ते १० मिलिग्रॅम. बारीक, एकपदरी नळ्यांचं एरोजेल (द्रवाने भरलेल्या जेलमधून द्रव काढल्यावर उरणारा हलका सांगाडा) मात्र दाबलं की दबलेलंच राहतं. त्यावर २०१२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात फार सुंदर उपाय निघाला: नळ्यांवर ग्राफीनचा (कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थराचा) लेप देऊन सांधे बळकट केले, आणि तेच एरोजेल उसळू लागलं.

जेलपासून बनवत असाल तर उघड्यावर सुकवू नका. द्रव आटताना पृष्ठताणामुळे नळ्या एकमेकींकडे खेचल्या जातात. माझं पहिलं जेल असंच आकसून काळी चकती झालं होतं. गोठवून निर्वातात सुकवा.

आणखी एक तपासा. नुसत्या दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबून मोजत असाल, तर पट्टी आणि स्पंज यांच्यातला स्पर्शही दाबाबरोबर सुधारतो आणि तो फरक तुम्ही स्पंजाच्या खात्यावर मांडता. दोन्ही टोकांना चांदीची पेस्ट लावून चार तारांनी मोजा: दोन तारांतून वीज सोडा, उरलेल्या दोनांवर व्होल्टेज मोजा. सुका स्पंज कापताना मास्क घाला आणि ते काम धूर खेचणाऱ्या कपाटातच करा. लांब, ताठ नळ्यांची धूळ फुप्फुसात ॲस्बेस्टॉससारखी वागू शकते.