बाहेर ४४, आत ८७: गेमिंग लॅपटॉपवरचे वाचकांचे प्रश्न

एप्रिल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो, लॅपटॉप तापतो. यंदा त्यात ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे चिपला कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याची, भर पडलीय. पोरांनी व्हिडिओ बघून आकडे वाढवलेत आणि आता विचारतायत की पुढे काय. म्हणून या वेळचं सदर सगळं याच विषयाला देऊन टाकलंय.

प्रश्न: भो, माझ्याकडे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप आहे. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) कोअर क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, +२०० आणि मेमरी +८०० टाकलं. सुरुवातीला जबरदस्त चालतं, मग एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) आधीपेक्षाही खाली जातो आणि मधेच स्क्रीन काळी होऊन गेम बंद पडतो. तापमान ८६-८७ दाखवतं. रूम वरच्या मजल्यावर आहे, डायरेक्ट स्लॅबखाली. कार्ड खराब आहे का? अजून किती वाढवता येईल?
(इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, भुसावळ)

उत्तर: कार्ड ठणठणीत आहे. वाढवायचं राहू द्या, आधी ते दोन्ही आकडे शून्यावर आणा आणि मग पुढचं वाचा.

लॅपटॉपच्या कार्डाला दोन लगाम असतात, एक वॅटचा आणि एक तापमानाचा. वॅटचा लगाम लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. ३०६० लॅपटॉप कार्ड ६० वॅटचंही असतं आणि ११५ चंही, वर डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसरकडून उसने मिळणारे, १५ वेगळे, त्यामुळे मित्राचा ३०६० आणि तुमचा ३०६० नावानेच सारखे असू शकतात. डेस्कटॉपवाले आफ्टरबर्नरमधली पॉवर लिमिटची पट्टी उजवीकडे सरकवतात, आपल्याकडे ती बहुतेक लॅपटॉपांत बंदच असते. म्हणजे तुम्ही क्लॉक वाढवला तरी वीज वाढून मिळत नाही. दुसरा लगाम तापमानाचा, बऱ्याच लॅपटॉपांत तो ८७ अंशांच्या आसपास असतो, तिथे पोचलं की कार्ड स्वतःच क्लॉक पायरी-पायरीने उतरवायला लागतं. तुमचं अगदी हेच होतंय, तुम्ही वरून ढकलताय आणि ते खालून ओढतंय.

आता खोली. पंखे फुल स्पीडला गेले की त्यांच्या हातात अजून काही उरत नाही, मग खोली जितके अंश तापेल साधारण तितकेच अंश चिप तापते. डिसेंबरात खोली २० वर असताना जी चिप ६८ वर बसते, ती मे महिन्यात ४० च्या खोलीत तेवढ्याच वॅटला ८८ कडे जाणार, म्हणजे लगाम लागणारच. आणि भुसावळात वरच्या मजल्यावर स्लॅबखाली रात्री दहाला सुद्धा ४० ला कमी नसतं, दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत बसतो. खेळायचंच तर खालच्या खोलीत खेळा, नाहीतर पहाटे. गावी आजोबांचं धाब्याचं घर असेल तर सुट्टीत लॅपटॉप तिकडे न्या, मातीच्या जाड छताखाली दुपारी जो फरक पडतो तो कुठल्याच कूलिंग पॅडने पडत नाही, आणि हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

मग करायचं काय, तर ओव्हरक्लॉकच्या उलटं, अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज द्यायचं. चिप खाते ती वीज क्लॉकच्या पटीत वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्याच क्लॉकला ८७५ मिलिव्होल्टऐवजी ८०० वर चालवता आलं तर जवळपास १६ टक्के वीज वाचते, आणि वाचलेली वीज म्हणजे न झालेली उष्णता. कंपनी प्रत्येक चिपला थोडं जास्तच व्होल्टेज देऊन ठेवते कारण लाखो चिपांमधली सगळ्यात रडकी चिपसुद्धा चालली पाहिजे. तुमची चिप बरी निघाली तर ते जास्तीचं तुम्ही काढून घ्यायचं, बस.

आफ्टरबर्नर उघडून कंट्रोल आणि एफ दाबा, एक आलेख येईल, आडवं व्होल्टेज, उभं क्लॉक. आधी कोअर क्लॉकची पट्टी डावीकडे नेऊन सगळा कर्व्ह दोन-अडीचशे मेगाहर्ट्झने खाली घ्या. मग ८०० मिलिव्होल्टवरचा ठिपका माउसने पकडून १६५० पर्यंत उचला आणि अप्लाय मारा. त्या ठिपक्याच्या उजवीकडचा सगळा कर्व्ह सपाट झाला पाहिजे, नाही झाला तर परत करा. सपाट झाला म्हणजे कार्ड त्या व्होल्टेजच्या वर जाणारच नाही. मग तुमचा सगळ्यात जड गेम तासभर चालवा. टिकला तर ठिपका १५ ने वर, पडला तर १५ ने खाली, घाई नाही. खूप जण इथे एक गोष्ट विसरतात, विंडोज सुरू होतानाच सेटिंग लावायचं जे बटण आफ्टरबर्नरमध्ये आहे ते चार-पाच दिवस सगळं नीट चालल्याशिवाय दाबू नका, नाहीतर लॅपटॉप चालू झाला की लगेच हँग आणि मग सेफ मोडची कसरत.

काळ्या स्क्रीनचं कारण तेच +२०० आहे. कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ग्राफिक्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) रीसेट करतं, त्यात बहुतेक गेम मरतात. यात कार्ड जळत नाही, फक्त तो क्लॉक त्याला झेपत नाही असा अर्थ. मेमरीचं दुखणं जास्त लबाड आहे, ती जास्त वाढवली की कधीकधी गेम पडत नाही पण चुका दुरुस्त करण्यात वेळ जातो आणि एफपीएस गपचूप घसरतो, त्यामुळे आकडा वाढला म्हणजे वेग वाढलाच असं धरू नका, दर वेळी मोजून बघा.

अजून एक. बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या तांब्याच्या नळ्या एकमेकांना जोडलेल्या असतात, प्रोसेसर ९५ ला गेला की त्याची झळ कार्डालाही बसते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा, टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि प्रोसेसर एकदम निवळतो. काही गेममध्ये थोडे एफपीएस जातील, मे महिन्यात जाऊ द्या. स्क्रीन १४४ हर्ट्झची असेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधून मॅक्स फ्रेम रेट १४४ वर बांधा, वॅलोरंटसारखा हलका गेम २५०-३०० एफपीएसने पळतो आणि त्यातले अर्धे तुमच्या स्क्रीनवर दिसतच नाहीत, नुसती खोली तापते.

ओव्हरक्लॉकच करायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत करा, आपल्याकडे तेव्हा रात्री चांगलंच गार असतं. कोअर २५-२५ ने, मेमरी १००-१०० ने, प्रत्येक पायरीला टेस्ट. कोअर +१०० ते +१५० च्या पुढे लॅपटॉप कार्ड नेणं नशिबाचा भाग आहे. जाता जाता, २०१५ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाने एका ड्रायव्हरमधून लॅपटॉप कार्डांचं ओव्हरक्लॉकिंग बंदच करून टाकलं होतं, गेमर लोकांनी एवढा आरडाओरडा केला की थोड्याच दिवसांत माघार घ्यावी लागली. म्हणजे परवानगी आहे, पण कंपनीलाही हे फार आवडत नाही हे लक्षात असू द्या.

प्रश्न: लॅपटॉप कूलरच्या एकदम समोर ठेवला तर १५ मिनिटांत थंड होतो, पण घरचे म्हणतात पाणी जाईल. कोण बरोबर?
(एक वाचक, शिरपूर)

उत्तर: दोघंही. आपल्याकडचा मे कोरडा असतो म्हणून कूलर इतका भारी चालतो, गवतातून आलेली हवा सहज दहा अंश किंवा जास्तही उतरते आणि वर सांगितलं तसं खोली उतरली की चिपही तेवढीच उतरते. दमट हवेची फार काळजी नको, चालू लॅपटॉप आतून गरम असतो, गरम वस्तूवर दव धरत नाही. खरा धोका उडणाऱ्या थेंबांचा. कूलरचा पंप जोरात असला, गवत एका बाजूला दबलेलं असलं की बारीक तुषार पाच-सहा फूट लांब येतात, आणि पाणी बोअरचं असेल तर ते थेंब सुकल्यावर पांढरा क्षार मागे ठेवतात. कूलरच्या जाळीवर जो खवला चढतो तोच लॅपटॉपच्या बोर्डावर चढायला लागला की मग सांधे खायला लागतो.

तर लॅपटॉप समोर ठेवू नका, बाजूला ठेवा, सात-आठ फुटांवर. हाताची मागची बाजू तिथे पाचेक मिनिटं धरा, ओलसर लागली तर अजून सरका. समोरची खिडकी उघडी हवी, बंद खोलीत कूलर नुसतीच घुसमट करतो. नवीन गवत भरलं की पहिला दिवस लॅपटॉप त्या खोलीत आणूच नका, बारीक काड्या आणि धूळ उडते ती सरळ पंख्यात जाते. आणि मृग लागला, हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपला.

प्रश्न: थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी) बदलायची आहे. एक जण लिक्विड मेटल लावा म्हणतो, एक जण पीटीएम शीट. लॅपटॉप तीन वर्षं जुना, घराशेजारी जिनिंग आहे. मी बारावीला आहे, स्वतः उघडू का?
(चोपडा)

उत्तर: वॉरंटी संपली असेल आणि हात स्थिर असेल तर उघड, पण पेस्टच्या आधी पंख्यांकडे बघ. जिनिंगशेजारी तीन वर्षं म्हणजे मला न बघताच सांगता येईल, पंखा आणि तांब्याच्या पातळ पट्ट्या यांच्या मधोमध कापसाच्या तंतूंची राखाडी चादर बसलेली असणार, ब्रशने ती निघत नाही, चिमट्याने एका कोपऱ्यात धरली की अख्खी उचलून येते. बाहेरून फुंकर मारून ती अजून आतच दबते. बॅटरीचं कनेक्टर आधी काढ. पंखे बोटाने धरून ठेव, हवेच्या झोताने ते भन्नाट फिरले की बेअरिंग जातं. आणि पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारायची आयडिया डोक्यात असेल तर काढून टाक, त्या हवेत पाणी असतं, तेल असतं आणि प्रेशर तर विचारूच नको.

लिक्विड मेटल नको. ते गॅलियमचं असतं, वीज वाहून नेतं, एक थेंब बाजूला घरंगळला की बोर्ड शॉर्ट, आणि ॲल्युमिनियमला लागलं तर ते पोखरतं. कंपन्या काही मॉडेलांत लावतात पण ते चारी बाजूंनी बांध घालून.

पीटीएम ७९५० हनीवेलची शीट आहे, लॅपटॉपसाठी मला तीच आवडते. साधी पेस्ट गरम-गार होता होता चिपच्या कडेला सरकते आणि मधे कोरडं राहतं, ही शीट ४५ अंशांच्या आसपास मऊ होते, चिपवर पसरते, आणि तशी सरकत नाही. पण आता हिशेब कर, ४५ ला मऊ होते आणि चोपड्यात मे महिन्यात दुपारी खोलीतच ४२ आहे! पाकिटातच ती चिकट होते आणि प्लास्टिक काढताना फाटते. म्हणून लावायच्या आधी पाकिटासकट दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेव आणि काम सकाळी कर. नकली शीटा भरपूर विकल्या जातात, फार स्वस्त दिसली तर घेऊ नको.

मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले नसतील तर तेच राहू दे. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लावला तरी हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा तांब्याचा भाग) उचलला जातो, चिपला टेकतच नाही आणि मग आधीपेक्षा जास्त तापतो, हे दुकानातून करून आणलेल्या लॅपटॉपांतही होतं. स्क्रूशेजारी १, २, ३, ४ छापलेलं असतं त्याच क्रमाने थोडे थोडे आवळ.

प्रश्न: मुलाच्या लॅपटॉपचं टचपॅड वर आल्यासारखं दिसतं, क्लिक होत नाही. तो म्हणतो गेम व्यवस्थित चालतो. ठेवून दिला तर चालेल का?
(एक पालक, अमळनेर)

उत्तर: काका, नाही चालणार, आणि हे आजच करा. टचपॅडखाली बॅटरी असते, ती फुगलीय. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका, टोचू नका, गादीवर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरी बदला, जुनी घरी आणू नका. नेताना बंद गाडीत उन्हात सोडू नका. मुलाला रागावू नका, कायम चार्जर लावून १०० टक्के भरलेली बॅटरी आणि वरून उन्हाळा, यात ती लवकर म्हातारी होतेच. नवीन बॅटरी बसली की लॅपटॉपच्या कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवायला सांगा, ती सोय बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत असते.

प्रश्न: लाईट गेली की गेम एकदम अडकतो, इन्व्हर्टर लावला तर कार्ड जळेल का?
(शहादा)

उत्तर: अडकतो कारण बॅटरीवर कार्डाला वीजच कमी मिळते, ओव्हरक्लॉक असो नसो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर खुशाल लावा, स्क्वेअर वेव्हवर अ‍ॅडॉप्टर गरम होतो आणि गुणगुणतो. २३० वॅटचा अ‍ॅडॉप्टर म्हणजे तीन-चार पंख्यांचा लोड, घरच्यांना विचारून लावा.

प्रश्न: कूलिंग पॅड घेऊ का?
(धुळे)

उत्तर: आधी लॅपटॉपच्या मागच्या पायांखाली बाटलीची दोन बुचं ठेवून आठवडाभर बघा, खालून हवा मोकळी ओढली की बऱ्याच लॅपटॉपांत फरक कळतो. पॅड खोलीतलीच हवा मारतं, खोली ४२ असेल तर ते ४२ चीच मारणार. घ्यायचंच तर कडेने फोम असलेलं, लॅपटॉपच्या बुडाला चिकटून बसणारं घ्या. रंगीत लाईटवाल्या, पाच बारक्या पंख्यांच्या पॅडचे पैसे वाचवा आणि त्यात कूलरचं गवत बदला.