सराव पाठांचे गुण पुरावा म्हणून कसे मांडावेत?

आपला प्रश्न असा आहे, की नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) स्वयं-अध्ययन अहवालात बी.एड.च्या सराव पाठांचे गुण द्यायचे असतील, तर ते विश्वसनीय (कोणीही तपासले तरी सारखेच येणारे) व वैध (जे मोजायचे तेच मोजणारे) आहेत हे कसे दाखवावे. धुळे जिल्ह्यातील एका अध्यापक महाविद्यालयात अशी कागदपत्रे तयार करताना जे उमगले, ते सांगतो.

विश्वसनीयतेसाठी काही पाठ दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे गुण न पाहता तपासावेत. मात्र नुसती सहमतीची टक्केवारी देऊ नये. समजा, ४० पाठांपैकी प्रत्येक निरीक्षकाने ३२ पाठ ‘समाधानकारक’ ठरवले आणि ३२ पाठांबाबत दोघांचे मत जुळले, तर सहमती ८० टक्के दिसते. परंतु दोघेही सढळ हाताने गुण देत असल्यामुळे ६८ टक्के सहमती निव्वळ योगायोगानेही अपेक्षित असते, आणि तो भाग वजा करून सहमती मोजणारा ‘कोहेनचा कापा’ हा निर्देशांक (पूर्ण सहमती असेल तर १) जेमतेम ०.३८ येतो. हा आकडा लपवू नये. निरीक्षकांची एकत्र बैठक घेऊन निकष स्पष्ट केल्यावर पुन्हा काढलेला कापाही शेजारी द्यावा. पहिलाच आकडा देखणा असला, की मला उलट शंका येते.

वैधतेचा प्रश्न अधिक अवघड आहे. आमच्या निरीक्षण तक्त्यात ‘प्रमाण भाषेचा वापर’ असा एक घटक होता. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी भागातील शाळेत पावरी बोलणाऱ्या मुलांना, किंवा साक्रीकडे अहिराणी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्याच बोलीत संकल्पना उलगडून सांगणाऱ्या छात्राध्यापकाचे गुण तिथे कापले जात. दोन्ही निरीक्षक ते एकमताने कापत, म्हणजे विश्वसनीयता उत्तम. पण मोजले जात होते भाषेचे वळण, अध्यापन नव्हे. तो घटक ‘विद्यार्थ्यांना समजेल अशी भाषा’ असा बदलला आणि बदलाचे कारण सभेच्या इतिवृत्तात नोंदवले.

तक्त्यातील प्रत्येक घटक अभ्यासक्रमाच्या कोणत्या निष्पत्तीशी (अपेक्षित फलिताशी) जोडला आहे, हेही दाखवावे. शिवाय २० आठवड्यांच्या आंतरवासितेत (शाळेतील प्रत्यक्ष अनुभवाच्या काळात) शाळेतील मार्गदर्शक शिक्षकांनी दिलेले मूल्यांकन महाविद्यालयाच्या गुणांशी ताडून पाहावे, आणि जिथे ते जुळत नाही तिथे मूळ पाठ टाचण व निरीक्षण नोंद जोडावी. छात्राध्यापकांची संख्या कमी असेल, तर एकाच वर्षाच्या सरासरीवरून निष्कर्ष न काढता तीन वर्षांच्या नोंदी एकत्र, पण वर्षनिहाय वेगळ्या रकान्यांत द्याव्यात.