“एडिट”, “क्लिकेबल”, “लँडमार्क”: संगणक नेमकं काय सांगतोय?

बाबांची नजर अधू झाल्यावर तुम्ही त्यांना संगणकावर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, बसवून दिलंत. आता “हेडिंग लेव्हल २”, “व्हिजिटेड लिंक”, “क्लिकेबल” ऐकून ते वैतागतात, आणि फॉर्ममध्ये नाव टाइप करायला गेले की पान भलतीकडे उड्या मारतं, असं तुम्ही लिहिलंय. उड्यांपासूनच सुरुवात करते, कारण नवी माणसं हात टेकतात ती इथेच. मी स्वतः सुरुवातीला कीबोर्ड बिघडला समजून नवा आणला होता.

कीबोर्ड ठीक आहे. स्क्रीन रीडर वेबपानावर दोन तऱ्हांनी चालतो. वाचताना असतो तो ब्राउज मोड. त्यात प्रत्येक अक्षर ही आज्ञा असते. लिहिताना लागतो तो फोकस मोड, त्यात अक्षर मुकाट्याने चौकटीत उमटतं. समजा, बाबांना इंग्रजी अक्षरांत “केदार” लिहायचं आहे आणि ते ब्राउज मोडमध्येच आहेत. के दाबला की पुढची लिंक, ई दाबला की लिहायची पुढची चौकट, डी दाबला की पुढचा लँडमार्क, म्हणजे पानाचा पुढचा मोठा विभाग. तीन अक्षरांत माणूस कुठच्या कुठे!

उपाय सोपा आहे. “एडिट”, म्हणजे लिहायची चौकट, असं ऐकू आलं की आधी एंटर दाबायचा, मोड बदलल्याचा वेगळा आवाज येतो, मग टाइप करायचं. बाहेर पडायला एस्केप. गोंधळ वाढतो तो असा, की टॅबचं बटण दाबत चौकटीत आलं तर मोड आपोआप बदलतो, बाणाच्या बटणांनी आलं तर बदलत नाही. म्हणून “कधी चालतं, कधी नाही” असं वाटतं. शंका आली की इन्सर्ट आणि स्पेसबार एकत्र दाबून मोड हाताने बदलता येतो.

आता “फोकस”. डोळस माणूस पानावर नजर फिरवतो, कीबोर्डवाल्याकडे मात्र एकच बोट असतं. ते बोट ज्या लिंकवर, बटणावर किंवा चौकटीवर टेकलंय तो फोकस, आणि एंटर लागू होतो तो तिथेच. माउसचा बाण कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुम्ही मदत म्हणून पटकन माउसने क्लिक करता ना, तेव्हा त्यांचं बोट तुम्ही उचलून दुसरीकडे ठेवता आणि ते पुन्हा शून्यावर येतात. शिकवताना माउस काढून ठेवा. जमलं तर स्क्रीनही बंद करा, म्हणजे त्यांना काय ऐकू येतंय ते तुम्हालाही कळेल.

हेडिंगची लेव्हल म्हणजे अक्षरांचा आकार नव्हे, तर मान. १ हे बहुधा पानाचं मुख्य शीर्षक, २ म्हणजे त्याखालचे भाग, असं ६ पर्यंत. एच दाबत गेलं की शीर्षकावरून शीर्षकावर जाता येतं, शिफ्ट धरून एच दाबला की मागे. थेट २ दाबला तर फक्त दुसऱ्या पातळीची शीर्षकं मिळतात. लांबलचक पान वरपासून ऐकत बसायची गरजच नाही. इन्सर्ट आणि एफ ७ दाबलं तर लिंक, शीर्षकं, लँडमार्क यांची यादीच समोर येते. बाबांना मी हे सगळ्यात आधी शिकवलं असतं. नाही, त्याच्याही आधी कंट्रोलचं बटण: ते दाबलं की बडबड थांबते.

बाकीचे शब्द भरभर घेते. लिंक दुसरीकडे नेते, बटण तिथल्या तिथे काहीतरी करतं. व्हिजिटेड म्हणजे आधी उघडलेली लिंक. लँडमार्क म्हणजे पानाचे मोठे विभाग: वरची पट्टी, मेनू, मुख्य मजकूर. “क्लिकेबल” म्हणजे इथे क्लिक केलं तर काहीतरी होऊ शकतं, पण ते बहुतेक वेळा कानाआड करायचं. “ग्राफिक” म्हणजे चित्र. त्यापुढे येतं ते वर्णन पान बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं, त्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. चित्रालाच लिंक असेल आणि वर्णन दिलेलं नसेल, तर कधी पत्त्यातली अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ ऐकावी लागते. तो दोष बाबांचा नाही, पान बनवणाऱ्याचा, हे त्यांना आवर्जून सांगा. “टॅब” मात्र फसवा शब्द आहे: कीबोर्डवरचं एक बटण आणि ब्राउजरमध्ये उघडलेलं एकेक पान, दोन्ही टॅबच.

थोडं दिसत असेल तर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून पान मोठं करा, कंट्रोल आणि शून्याने ते मूळ आकारात येतं. विंडोज आणि अधिकचं चिन्ह दाबलं तर भिंग सुरू होतं, विंडोज आणि एस्केपने बंद. फिकट राखाडी अक्षरं तरीही वाचता येत नसतील, तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, कमी आहे. साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ हे प्रमाण वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिलेलं आहे, तरी अनेक पानं ते पाळत नाहीत. विंडोजच्या सेटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट थीम आहेत, काळ्यावर पिवळी अक्षरं वगैरे, त्या लावून बघा.

आणि हो, शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं गेलं तर “स्टिकी कीज” सुरू करू का, असं विचारणारी खिडकी उघडते. त्यात जोडीची बटणं एकत्र न दाबता एकामागून एक दाबता येतात. एका हाताने टाइप करणाऱ्यांसाठी ती सोय उत्तम आहे, बाबांनी मात्र “नो” निवडायचं.