बोट हलवून कुठे दुःख जातं का, मॅडम?

"ते डोळ्यांसमोर बोट हलवतात ना मॅडम, त्यानं सगळं विसरायला होतं का?" मी आघातानंतरच्या त्रासावर ईएमडीआर नावाच्या पद्धतीनं मानसोपचार करते, बोट हलवणं हा त्यातलाच भाग, आणि हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच कळतं. आणि त्याच्या मागोमाग खरी भीती येतेच, "जुनं उकरून काढलं आणि मग ते परत बंदच झालं नाही तर?"

विसरायला अजिबात होत नाही, हे आधीच सांगून टाकते. एका ताईंची गोष्ट सांगते, म्हणजे कळेल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि खरं तर दोघी-तिघींचं मिळून एक केलंय.

बडोद्याचा ऑगस्ट 2024 चा पूर आठवत असेलच. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फूट, पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलेलं, सोसायट्यांमधून मगरी फिरत होत्या. या ताई तिथल्या समा भागात राहणाऱ्या, तळमजल्यावर घर, नवरा कामासाठी बाहेरगावी, घरात त्या आणि ऐंशीच्या सासूबाई. लाइट गेलेले. सासूबाईंना कसंबसं माळ्यावर चढवलं आणि रात्रभर दोघी तिथेच. खाली पाणी, आणि त्या अंधारात धप... धप... धप. सासूबाई म्हणत राहिल्या, "अगं दार वाजतंय, हे आलेत, उघड ना." हे म्हणजे सासरे, त्यांना जाऊन बारा वर्षं झालेली. सकाळी होडीवाल्यांनी दोघींना काढलं. सुखरूप.

माझ्याकडे आल्या त्या पुढच्या उन्हाळ्यात. झोप नाही, शेजारी कोणी कपाट आपटलं तरी दचकायच्या. "सगळे म्हणतात जीव वाचला ना, मग आता काय? मलाही तसंच वाटतं, पण हात थरथरतात." सासूबाई अजूनही अधूनमधून म्हणायच्या, त्या रात्री तू दार उघडलं नाहीस. बोलता बोलता सहज म्हणाल्या की घरात फ्रिज नाही, पुरात गेला तो गेला, माठातलंच पाणी पितो, ताकसुद्धा रोजच्या रोज. बडोद्याच्या मे महिन्यात! मी काटकसर समजले आणि पुढे गेले. हे माझं चुकलंच.

दुसरी चूक त्याहून मोठी. मूळ आठवणीला हात लावायच्या आधी आम्ही मनातल्या मनात एक निवांत जागा ठरवतो, मध्येच जड झालं तर तिथे परतायचं. ताई म्हणाल्या कमाटीबाग. मी म्हटलं छान. आणि दोन मिनिटांत त्यांचा चेहरा पांढरा, कारण बागेतून वाहते कोण तर विश्वामित्री! वीस वर्षं बडोद्यात राहून माझ्या लक्षात येऊ नये? मग माहेरची गच्ची घेतली, पापड वाळत घातलेत, त्या राखण करत बसल्यात. ती जागा शेवटपर्यंत टिकली.

चौथ्या सेशनची गोष्ट. त्रास 0 ते 10 मध्ये किती विचारलं तर म्हणाल्या दहा. मनात धरलेलं वाक्य होतं, "मी दार उघडलं नाही." माझी दोन बोटं डावीकडून उजवीकडे, त्यांचे डोळे मागोमाग, साधारण अर्धा मिनिट, मग थांबायचं, श्वास घ्यायचा.

"काय येतंय?"
"धप धप."
"बरं, तेच चालू द्या."
परत बोटं.
"आईंचा हात. गार पडलाय."
"चालू द्या."
असं चार-पाच वेळा झालं, आणि मग त्यांनी मानच वळवली, जणू खोलीत खरंच काही ऐकतायत.
"आवाज दाराकडून नाहीये."
मी गप्प.
"स्वयंपाकघरातून येतोय. अहो मॅडम, फ्रिज होता तो! तरंगत होता मेला, चौकटीवर आपटत होता!" आणि हसायला लागल्या, हसता हसता रडल्या, पदर तोंडाला लावून किती तरी वेळ. "बाहेर कोणीच नव्हतं हो. कोणीच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी चौकटीत आडवा पडलेला फ्रिज त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तेवढं दुसऱ्या सेशनला मला सांगितलंही होतं, आणि मला तेव्हाच शंका आली होती. बोलले नाही. थोडं कौतुक करून घेते स्वतःचं, कारण गप्प बसणं या धंद्यात सगळ्यात अवघड. मी सांगितलं असतं तर "हो मॅडम, असेल" म्हणून घरी गेल्या असत्या आणि रात्री परत दार वाजलं असतं. माझं मत असं की अशी आठवण न पचलेल्या घासासारखी अडकून बसते, आपल्याला बाकी सगळं माहीत असलं तरी ते तिच्यापर्यंत पोचत नाही.

आता बोटाचं. यात भूल घालत नाही, तुम्ही पूर्ण जागे असता, हात वर केला की मी थांबते. अमेरिकेत फ्रान्सिन शपिरो बाईंना 1987 मध्ये बागेत फिरताना जाणवलं की डोळे इकडेतिकडे फिरले की त्रासदायक विचाराची धार कमी होते, त्यातून ही पद्धत, ईएमडीआर, उभी राहिली. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आघातानंतरच्या त्रासासाठी तिची शिफारस केली. डोळ्यांमुळे किती आणि आठवणीला सामोरं गेल्यामुळे किती यावर तज्ज्ञ अजून भांडतात, भांडू देत. मला पटतं ते असं की एकाच वेळी आठवण धरायची आणि बोटामागे डोळे न्यायचे यात मन दोन्हीकडे वाटलं जातं, आणि चित्र फिकं पडतं. डोळ्यांचा त्रास असेल तर हातावर आळीपाळीनं टिचक्या मारूनही करता येतं.

पण व्हिडिओ बघून घरी करू नका, प्लीज. झाकण उघडणं सोपं असतं. शिकलेल्या माणसाकडेच जा, ट्रेनिंग कुठे घेतलं हे बिनधास्त विचारा, आणि पहिल्याच भेटीत कोणी "चला, आठवा" म्हणालं तर उठून या. चालू गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, फिट्स येत असतील, भास होत असतील तर आधी सायकियाट्रिस्ट. जीव नकोसा वाटत असेल तर थांबूच नका, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, लावा. सेशननंतर दोन-तीन दिवस विचित्र स्वप्नं पडू शकतात, घाबरू नका. एकाच घटनेचं असेल तर थोडक्यात आटपतं, लहानपणापासून मार खात आलेल्या माणसाला मात्र वेळ लागतो आणि लागू द्यावा.

ताईंचे पुढे चार सेशन झाले. दहाचा एक झाला, शून्य नाही, त्या म्हणाल्या एवढं राहू दे. सासूबाई अजून म्हणतात दार वाजत होतं, ताई आता म्हणतात, "हो आई, फ्रिज आला होता." शेवटच्या दिवशी निघताना दारात थांबून मलाच विचारलं, "मॅडम, एक दाराचा घ्यावा की दोन दारांचा?"