सय्यद, शेख, मिर्झा, खान यावरून खानदान ओळखता येतं का?

तुम्ही विचारलंय की मुलीसाठी स्थळं बघताना सय्यद, शेख, मिर्झा, खान असं वाचून मुलाचं घराणं खात्रीने सांगता येतं का. नाही येत. माझ्या आपाचं, म्हणजे थोरल्या बहिणीचं, ठरत आलेलं लग्न असल्याच खात्रीपायी मोडलं, म्हणून लिहायला बसले.

1989 ची गोष्ट. आम्ही बडोद्याचे, याकुतपुऱ्यातले. पूर्वज गायकवाडांच्या पागेबरोबर दख्खनेतून आलेले, त्यामुळे घरात मराठी आणि दखनी दोन्ही. आपासाठी अन्सारी मुलाचं स्थळ आलं. शाळेत शिक्षक, शांत माणूस. अब्बांना पसंत, आपालाही. मोठे चाचा म्हणाले, आपण सय्यद, पैगंबरांच्या वंशातले, ते विणकर; कुफू, म्हणजे लग्नातली बरोबरी, जुळत नाही. मी 19 वर्षांची होते. म्हटलं, चाचा, मदिनेत पैगंबरांना ज्यांनी आसरा दिला ते अन्सार, मग ते नाव हलकं कसं? ते म्हणाले, या लोकांनी ते मागाहून घेतलंय. खरं आहे, उत्तरेतल्या विणकरांनी ते गेल्या शतकात मोठ्या संख्येने घेतलं. पण मग आपण ‘सय्यद’ कधी घेतलं?

त्यावर चाचांनी पत्र्याच्या नळकांड्यातून शजरा, म्हणजे वंशावळीचा कागद, काढला. पैगंबरांचे नातू इमाम हुसेन यांच्यापासून माझ्या पणजोबांपर्यंत सलग नावं, सुंदर फारसी अक्षरात. सगळे गप्प झाले. मी नावं मोजली. सतरा. हुसेन शहीद झाले ती कर्बलेची लढाई 680 सालची, पणजोबांचा जन्म 1880 च्या आसपासचा. बाराशे वर्षांत सतरा पिढ्या म्हणजे दर पिढीला सत्तर वर्षं! तीस वर्षांची पिढी धरली तरी चाळीसेक नावं हवीत.

मला चाचांनी खोलीबाहेर काढलं. मी पेटीतून पणजोबांच्या पगाराचा मोडीतला कागद घेतला आणि दांडिया बाजारात अब्बांच्या ओळखीच्या एका काकांकडे गेले. त्यांना मोडी घडाघडा वाचता यायची. कागदावर पणजोबांच्या नावाआधी स्पष्ट ‘शेख’ होतं, आणि ‘वल्द’ नंतर त्यांच्या वडिलांच्या नावाआधीही ‘शेख’च. सय्यद आम्ही त्यानंतर कधीतरी झालो. यात आमचंच घर वेगळं असंही नाही. फारसीत जुनी म्हणच आहे: आधी आम्ही खाटीक होतो, मग शेख झालो, यंदा धान्य स्वस्त झालं तर सय्यद होऊ.

कागद दाखवला तरी चाचा हटले नाहीत. अब्बा मोठ्या भावापुढे बोलले नाहीत. मी शेवटचं म्हटलं, पैगंबरांनी आपली आतेबहीण झैनब हिचा निकाह झैदशी लावला, आणि झैद तर मुक्त केलेला गुलाम. चाचा म्हणाले, पुढे तलाक झाला ना? तिथे मी अडले. मुलाकडच्यांनी दोन महिने वाट पाहिली आणि दुसरीकडे बोलणी केली. आपा त्या दोन महिन्यांबद्दल आजही बोलत नाही.

उत्तर मला फार वर्षांनी मिळालं. त्याच झैदचा मुलगा उसामा. पैगंबरांच्याच कुरैश टोळीतल्या फातिमा बिन्त कैस हिला मागण्या आल्या तेव्हा पैगंबरांनी सांगितलं, उसामाशी निकाह कर. तिला आधी नको वाटलं, तरी तिने केला, आणि त्यात फार बरकत झाली असं ती स्वतः सांगते. हदीसमध्ये आहे हे. चाचा हयात असते तर आज त्यांच्यापुढे हेच ठेवलं असतं.

खान, मिर्झा राहिलंच. ‘खान’ मुघल दरबारातून किताब म्हणून मिळायचा, इंग्रजांनी ‘खानबहादूर’ वाटले, आणि गवयांची खान नावं तर बडोद्यात कुणाला सांगायला नकोत. ‘मिर्झा’ मूळ अमीरजादा; इराणात नावानंतर लावला तर राजपुत्र, नावाआधी लावला तर शिकलेला माणूस किंवा कारकून. दरबारी किताबावरून रक्त काय कळणार? गायकवाड ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’ लावत, म्हणून त्यांना कुणी तुर्क म्हटलं नाही.

सगळेच शजरे बनावट आहेत असं मात्र मी म्हणत नाही. काही दर्ग्यांची गादी वंशपरंपरेने चालवणाऱ्या सज्जादानशीन घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या सनदा आणि वक्फचे कागद आहेत. सय्यदांना जकात, म्हणजे धर्माने सांगितलेलं सक्तीचं दान, घेता येत नाही, त्यामुळे खरा सय्यद कोण याला धर्मातही महत्त्व आहे. हनफी फिकहमध्ये, म्हणजे त्या पंथाच्या धर्मशास्त्रात, कुफू ठरवताना नसब, म्हणजे वंश, धरतात हेही खरं, चाचा ते मनापासून मानत होते.

तरी तुमच्या मुलीसाठी शजरा मागू नका. कुणी तुमच्याकडे मागितलाच तर त्यांचाही मागा, आणि त्यांच्यासमोर बसून पिढ्या मोजा. मुलाचं शिक्षण, कमाई, स्वभाव बघा आणि मुलीला विचारा. आमच्या घरात त्या दिवशी आपाला कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.